धुराची उंची

खुशालराव जमादारानं देवमन तेलगोटेला दोनदा जळती बिडी खायला लावली होती. पहिल्या खेपेला देवमन सोळा वर्षांचा होता, दुसऱ्या खेपेला सतरा. दोन्ही वेळा भर दुपारी, रुईच्या गोदामात, बोऱ्यांच्या, म्हणजे पोत्यांच्या, थप्पीवर. खुशालराव केस धरून मान मागे ओढायचा, बिडी पेटत्या टोकाकडून तोंडात कोंबायचा आणि हनुवटी खालून दाबून म्हणायचा, “चाव.” गिळून होईपर्यंत हात काढायचा नाही. मग पाठीवर थाप द्यायचा, जसा काही प्रसाद दिला.

अकोल्याच्या त्या जिनिंग-प्रेसमध्ये याला कुणी जुलूम म्हणत नसे. रुई ही आधी जळत नाही. आतल्या आत धुमसते, पातळ धूर सोडते आणि मग एकाएकी अंगावर येते. खुशालरावाला हे ठाऊक होतं आणि हमालांनाही. तरी थप्पीच्या टोकावर पडून बिडी ओढायची चटक हमालांना होती, कारण सबंध दिवसात तेवढीच पाठ टेकता यायची.

दुसरी बिडी गिळल्यावर देवमननं प्रेस सोडला. गावातल्या टाकीत, म्हणजे सिनेमाघरात, ऑपरेटरच्या हाताखाली लागला. तिथं तारा, दिवे, मोटारी शिकला, वायरमनची परीक्षा पास झाला. छपन्नच्या दसऱ्याला माय सुंदराबाईला घेऊन नागपूरला जाऊन आला. घरी आल्यावर मायनंच देव्हाऱ्यातले टाक काढले आणि विहिरीत टाकले.

एकोणसाठच्या वैशाखात दोन नंबरचं गोदाम जळालं, तेव्हा सुंदराबाई थप्पीवर होती. तिच्यासोबत चार रेजा, म्हणजे मजूर बाया, आणि दोन हमाल. खाली धूर दिसला नाही, वर दिसला तेव्हा उतरायला वाट नव्हती. देवमननं मायला हातातल्या गिलटाच्या कड्यावरून ओळखलं. कडं मनगटात रुतलं होतं.

सगळे म्हणाले, तारांत बिघाड झाला. बिडीचं नाव कुणी काढलं नाही. सहा महिन्यांनी देवमन त्याच प्रेसमध्ये वायरमन म्हणून परत आला. लोकांनी विचारलं, माय जळाली त्याच जागी कावून? तो म्हणाला, “आता तारा माह्या हातच्या राहतीन. मंग पाहू कोणाचं नाव निंघते.”

त्रेसष्ट साली नवं गोदाम उभं राहिलं. दीडशे फूट लांब, तीस फूट उंच, दोन्ही टोकांना विटांच्या भिंती, वर पत्रा. देवमनची बायको मैना या गोदामात रेजा होती. बोरं डोक्यावर घेऊन फळीवरून थप्पीवर चढायचं, रचायचं, उतरायचं. मॅनेजर बापूसाहेब वकिलाच्या घरातले, बोलताना चष्मा पुसायचे. विमावाले अडून बसले होते, की एवढ्या मोठ्या दालनात धुराचा इशारा देणारं यंत्र बसवल्याशिवाय विमा नाही. म्हणून मुंबईहून रविकांत नावाचा तरुण इंजिनीअर आला. सोबत गवतात गुंडाळलेले दोन लोखंडी डबे.

एका डब्यात दिवा होता आणि पुढे भिंग. दुसऱ्यात उजेड ओळखणारी काचेची नळी. एक डबा या भिंतीवर, दुसरा समोरच्या. मधून उजेडाची सरळ रेघ. रेघेत धूर शिरला की उजेड मंदावतो आणि बाहेर घंटी वाजते.

देवमननं नळी हातात घेतली आणि हसला. “साहेब, हे तं आमच्या टाकीतलं हाये. फिल्मच्या कडेतून उजेड जाते, ह्या नळीत पडते, अन् पडद्यावरची बाई गाते.”

“अगदी तेच,” रविकांत म्हणाला. त्याला आनंद झाला. आठ दिवसांत या गावात कुणाशी बोलता आलं नव्हतं.

दोघांनी मिळून काम सुरू केलं. रविकांत डबा छताच्या कैचीला टांगणार होता. देवमन म्हणाला, “कैची नको. पत्रा दुपारी फुगते, सांजच्याले आवळते. डबा बोटभर हालला का दीडशे फुटावर उजेड हातभर चुकते. विटातच ठोका.” ते रविकांतनं ऐकलं. पश्चिमेच्या झरोक्यातून मावळतीचं ऊन नळीवर पडायचं, मग धूर असो-नसो, नळी उजेडानं भरलेलीच. देवमननं झरोक्याला पत्र्याची टोपी केली. तेही रविकांतला पटलं.

उंचीवर मात्र गाडं अडलं. रविकांतनं डबे पत्र्याच्या अगदी खाली, एकोणतीस फुटांवर बसवले. धूर वर जातो, पुस्तकात तसंच होतं. सकाळी सात वाजता घमेल्यात ओल्या शेणकुटांचा धूर केला. धूर नीट वर चढला, घंटी वाजली. बापूसाहेबांनी ऑफिसात पेढे मागवले.

देवमननं पेढा घेतला नाही. “हे सकायचं झालं, साहेब. बारा वाजता करा. पत्रा तापला का त्याच्याखाली गरम हवेची गादी होते. धूर तिले टेकते अन् थांबते. वर जातच नाई. लेव्हल घेतल्यावानी आडवा पसरते.”

“किती खाली?” रविकांतनं विचारलं.

“पुरा माणूस अन् वर एक हात. सात फूट धरा.”

बापूसाहेबांनी चष्मा पुसला. “म्हणजे रेघ सात फूट खाली. म्हणजे थप्पी त्याच्याही खाली. बोऱ्यांचे तीन थर गेले की नाही? आणि हे तुला कुणी सांगितलं?”

दाराशी खुशालराव उभा होता. काठी बगलेत, मिशीवर रुईचे कण.

देवमनच्या ध्यानात आलं. गोदामात दुपारी धूर कुठं थांबतो, हे गोदामात दुपारी धूर काढणाऱ्यालाच ठाऊक असतं.

“म्या पाह्यलं,” तो म्हणाला. “थप्पीवर उताणा पडून. बिडी पेत व्हतो तवा.”

“तू एकटाच?”

“एकटाच.”

“लबाड बोलून राहिला,” खुशालराव म्हणाला. “बाराजण पेतेत. नावं सांग, देवमन्या.”

“तुमाले ठाव हाये तं मले कावून इचारता?”

खुशालरावानं काठीचं टोक त्याच्या पोटात खुपसलं. बापूसाहेब खिडकीबाहेर पाहत म्हणाले, “इथं नको, जमादार. ऑफिस आहे.”

रविकांतची गाडी संध्याकाळची होती. देवमन त्याला वाटेत गाठून म्हणाला, “बारा वाजता गोदामात या. काही झालं तरी वर पाहा.”

बाराला भाकरीची सुट्टी झाली. मैना आणि बाकीच्या बाया बाहेर लिंबाखाली बसल्या. देवमननं घमेल्यात विझत्या कोळशावर भिजलेली रुई घातली, वर पत्र्याचं झाकण ठेवलं आणि घमेलं मधल्या मोकळ्या वाटेत, थप्प्यांपासून दहा हात दूर, फरशीवर ठेवलं. शेजारी पाण्याची बादली ठेवली. मग झाकण काढलं.

धूर उठला. सरळ, बारीक, दोरीसारखा. बावीस फुटांवर गेला आणि तिथं जणू कुणी हात आडवा धरला. तो दुमडला, पसरला, सबंध गोदामभर चादर अंथरावी तसा होत गेला. वरून उजेडाची रेघ स्वच्छ जात होती. घंटी मुकी होती.

खुशालराव आत आला तो धावतच. पहिली काठी देवमनच्या मांडीवर बसली, दुसरी खांद्यावर. तिसरी डाव्या कानावर बसली तेव्हा डोक्यात काहीतरी फुटलं आणि गोदामातला अर्धा आवाज कायमचा गेला. देवमन खाली पडला. खुशालराव काठी टाकून पायांनी तुडवू लागला. “गोदामात आग लावतं, भडव्या? गोदामात?” लाथेसरशी तोंडातून रक्त आलं, एक दात फरशीवर उडाला. देवमननं मार अडवायला हात आड घेतला नाही, अंग चोरलं नाही. तो बोट दाखवत होता. वर. पुन्हा वर.

दारात रविकांत उभा होता. तो वरच पाहत होता. दहा हातांवर माणूस तुडवला जात होता आणि त्यानं एकदाही खाली पाहिलं नाही. धुराची चादर आणि उजेडाची रेघ यांच्यामधली मोकळी जागा तो डोळ्यांनी मोजत होता. देवमनला हेच हवं होतं. तरीही पुढे जन्मभर रविकांतची आठवण निघाली, की त्याला ती वर वळलेली मान दिसायची.

मैनानं येऊन बादली घमेल्यावर पालथी केली, मग रिकामी बादली खुशालरावाच्या पाठीत घातली. तेव्हा कुठं तो थांबला.

रविकांत संध्याकाळच्या गाडीनं गेला नाही. त्यानं डबे बावीस फुटांवर उतरवले आणि बापूसाहेबांना लिहून दिलं, की रेघ याहून वर गेली, तर विम्याच्या कागदावर माझी सही नाही. यंत्राची देखभाल तेलगोटेच करील. बापूसाहेबांनी दोन्ही गोष्टी मान्य केल्या. देवमनची नोकरी राहिली. खुशालरावाचीही राहिली.

आता भिंतीवर एकवीस फुटांवर लाल पट्टा आला. त्याच्यावर बोरं गेलं की उजेड अडायचा आणि घंटी वाजायची. खुशालरावाला हे यंत्र आवडलं. बिडी हुंगायला त्याला नाक उरलं नव्हतं, तीस वर्षांच्या रुईनं ते केव्हाच मारलं होतं. पण घंटी वाजली की कुणीतरी पट्ट्याच्या वर गेलंय, एवढं त्याला पुरायचं. तो काठी घेऊन थप्पीवर चढायचा आणि वर जो सापडेल त्याला झोडायचा. बाई असली तरी. मग बोरं खाली यायचं, देवमन दाराबाहेरच्या खटक्यानं घंटी बंद करायचा, आणि खुशालराव वरूनच हात हलवायचा. काम झालं.

दोन हंगामांत बाया आणि हमाल शिकले. घंटीचा पहिला ठोका पडला, की डोक्यावरचं बोरं फेकून, फळीवरून, दोरावरून, कशाही उतरायचं आणि दाराबाहेर पळायचं. खुशालराव वर पोचेपर्यंत थप्पी रिकामी व्हायची. मग तो आणखी चिडायचा आणि लपलेल्यांना शोधत टोकापर्यंत जायचा.

पासष्टच्या वैशाखात, दुपारी एकच्या सुमाराला, घंटी वाजली. सत्तावीस माणसं खाली आली आणि बाहेर पळाली. धुराला भिऊन कुणीच पळालं नाही. धूर कुणी पाहिलाच नव्हता. सगळी काठीला भिऊन पळाली. मैना दारातून बाहेर पडली ती हसतच, शेजारणीला म्हणाली, “चढू दे मुडद्याले, घाम निंघू दे.”

खुशालराव आत शिरला होता आणि फळी चढत होता.

देवमन खटक्यापाशी उभा होता. त्यानं लाल पट्ट्याकडे पाहिलं. एकही बोरं वर नव्हतं. मग त्याला दिसलं, पलीकडच्या टोकाला, बावीस फुटांवर, आडवी निळी चादर.

घंटी डोक्यावरच ठणाणत होती. तिच्यापुढे कुणाचाही आवाज पोचण्यासारखा नव्हता. देवमननं खटका ओढला. घंटी थांबली.

थप्पीवर खुशालरावानं मान वळवली आणि नेहमीसारखा हात हलवला. बोरं खाली आलं, असं तो समजला. मग लपलेल्यांना हुडकायला, काठी आपटत, पलीकडच्या टोकाकडे चालू लागला. आठ-दहा पावलं गेला असेल. थप्पीच्या पोटातून एक घोगरा श्वास निघाला आणि सबंध टोक एका झपाट्यात पिवळं झालं. खुशालराव ओरडला नाही. निदान ऐकू आलं नाही. तो पेटलेल्या अंगानं दोनदा काठी फिरवताना दिसला, कुणाला तरी मारत असल्यासारखा. मग थप्पी खचली आणि पत्रे कोसळू लागले.

चौकशी झाली. सत्तावीसच्या सत्तावीस जिवंत, म्हणून विमावाल्यांनी यंत्राचं कौतुक केलं. फौजदारानं देवमनला एकच प्रश्न विचारला, घंटी बंद का केली. “जमादाराले हाक आयकू यावी म्हणून,” देवमन म्हणाला. फौजदारानं तसं लिहून घेतलं.

त्याच वर्षी दोघं अमरावतीला गेली. देवमननं रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. एका थंडीतल्या सकाळी मैना दुकानात त्याचा डबा घेऊन आली आणि बाकड्यावर बसली. तो एका रेडिओच्या पोटात वाकून तार जोडत होता. ती त्याच्या उजव्या बाजूला सरकली, कारण डाव्या कानाशी बोलून उपयोग नव्हता.

“एक इचारू?”

“इचार.”

“तुमी त्या दिवशी घंटी कावून बंद केली?”

“सांगतलं ना फौजदाराले. त्याले हाक मारली म्या.”

“काय म्हनलं?”

“जमादार, इकडे या म्हनलं. आग हाये म्हनलं.”

मैनानं डब्याचं झाकण काढलं, भाकरी पाहिली आणि झाकण परत लावलं.

“मी तुमच्या बाजूलेच उभी व्हती,” ती म्हणाली. “मले नाई आयकू आली.”

देवमननं मान वर केली नाही. तारेचं टोक त्याच्या बोटात होतं आणि ते कुठं जोडायचं हे त्याला आठवत नव्हतं.