महिनाभराचा मुलगा

पुण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या बंद करायला सांगितल्या तेव्हा मला वाटलं, हा माणूस माझी थट्टा करतोय. त्या गोळ्यांसाठी मी लाज कोळून प्यायले होते. सुरुवातीला सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंकडून पाळणा लांबवायच्या गोळ्या 'वहिनीसाठी' म्हणून मागून आणायची. मला वहिनी कुठली, भाऊच नाही. पुढं कधीतरी हे डॉक्टर सापडले. पुरुषाच्या देहात जन्मले तरी मी बाई आहे, हे त्यांनी न हसता ऐकून घेतलं, तपासण्या केल्या, नीट औषध लिहून दिलं आणि शेवटी ऑपरेशनची तारीखही दिली. आणि आता म्हणे, त्याच गोळ्या सोडा!

"या गोळ्यांनी रक्तात गुठळी व्हायची भीती असते," ते म्हणाले. "ऑपरेशनआधी महिनाभर एकही घ्यायची नाही. घेतलीत आणि मला कळलं, तर तारीख रद्द."

"आणि महिनाभर मी काय करू?"

"धीर धरा."

धीर धरा म्हणायला यांच्या बापाचं काय जातंय? मी तोंडानं "हो डॉक्टर" म्हटलं आणि शिवाजीनगरवरून शिरूरची गाडी पकडली. वाटभर मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता.

शिरूरला घरात आम्ही दोघीच. म्हणजे माझ्या लेखी दोघी. आईच्या लेखी ती आणि तिचं बिघडलेलं पोरगं. वडील मी शाळेत असतानाच गेले. मी रांजणगावला कंपनीत पाळी करायची, ढगळ शर्ट घालून, मान खाली घालून. छाती भरायला लागली तसं आईनं माझ्याशी बोलणं जवळजवळ सोडलं. ताट पुढ्यात सरकवायची आणि तोंड फिरवून बसायची. गोळ्यांची पाकिटं हाती लागली की गटारीत. म्हणून मी ती माझ्या पत्र्याच्या पेटीत, तळाला, कंपनीच्या जुन्या पँटीत गुंडाळून ठेवायची. ऑपरेशनचं तिला सांगितलंच नाही. गोळ्यांचं पहिल्यांदा कळलं तेव्हा ती पदर खोचून विहिरीकडं धावली होती. शेजारच्या बायांनी धरून आणलं.

तर गोळ्या बंद झाल्या. पहिले काही दिवस काहीच नाही. मग अंगातून वाफा निघायला लागल्या. माघाच्या थंडीत मी घामानं भिजून उठायची, आणि घामाला तो जुना वास, कायमचा गेला असं वाटलं होतं तो. छाती हुळहुळायची थांबली. कारण नसताना रडू यायचं, आणि रडू आवरलं की कुणाच्या तरी कानाखाली वाजवावीशी वाटायची. दाढीचे केस मी रोज चिमट्यानं उपटायची, पण आता चिमटा पुरा पडेना. गालावर पुळ्या उठल्या. अंगावर कुठं पू दिसला तर टेबलावर घेणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच बजावलेलं. मग नाइलाजानं रेझर आणला. कोनाड्यात आरसा ठेवून दाढी करताना मला स्वतःचीच शिसारी यायची.

आणि आईनं ते बघितलं.

दुसऱ्या दिवशी कोनाड्यात वडलांचा दाढीचा ब्रश. पितळी वाटी घासूनपुसून चकचकीत केलेली. इतकी वर्षं कुठं जपून ठेवली होती कोण जाणे! वर पुन्हा म्हणते कशी, "तुज्या बापाची हाय. साबण चांगला फेसाळतो तिच्यात."

त्या दिवसापासून घराची कळाच पालटली. बोंबलाचं कालवण, त्यावर दोन उकडलेली अंडी, गरम भाकरी. "दमलास का रं?" "पाय चेपून देऊ का?" शेजारणीला अंगणातून ऐकू जाईल अशा आवाजात, "आमच्या दादाची शिफ्ट सुटली वाटतं!" ज्या आईच्या एका शब्दासाठी मी तरसत होते ती आता तोंडभर बोलत होती. पण कुणाशी? जो मरावा म्हणून मी जीव टांगणीला लावला होता त्याच्याशी! म्हणावं तर काय म्हणावं? आई, मला जेवू घालू नकोस? कंपनीतसुद्धा तेच. बसमध्ये बाजूला न बसणारा बिहारी फिटर खांद्यावर थाप मारून म्हणाला, "अब मर्द लग रहा है तू." माझे हाल कुत्रा खात नव्हता आणि सगळ्या दुनियेला माझा पुळका आला होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

एका मंगळवारी मी कंपनीतली पहिली पाळी करून आले तर आई नदीकडून येताना दिसली. हातात पिशवी, कपाळाला हळद. आमच्या घरात देव नाहीत. आजोबांनी दीक्षा घेतली त्या वर्षी टोपल्यात घालून घोडनदीत सोडले. भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे, आणि दर पौर्णिमेला विहारात सगळ्यांच्या आधी आई हजर असते.

"कुठं गेली होतीस?"

"मरीआईला." मान वर न करता म्हणाली. "नवस बोलले व्हते. कोंबडं दिऊन आले."

"कसला नवस?"

"पोरगं जागंवर यू दे म्हनून. आलास न्हवं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजोबांनी बुडवलेली देवी हिनं माझ्या दाढीसाठी पाण्यातून वर काढली! मी पेटीकडं गेले. झाकण उघडलं. एक आठवडा गोळ्या घेतल्या असत्या तर माझी मी मला परत वाटले असते, आणि हिचा नवस जिथल्या तिथं मोडला असता. पण ऑपरेशनही मोडलं असतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. पाकीट हातात घेऊन मी कितीतरी वेळ बसले आणि परत पँटीत गुंडाळून ठेवलं. ज्याच्यापासून सुटायचं, त्याच्याच तोंडानं अजून थोडे दिवस मिरवणं भाग होतं.

ऑपरेशन आठवड्यावर आलं तेव्हा आई म्हणाली, "रविवारी दौंडला जायाचंय. मामानं जेवाया बोलिवलंय." मामा तिचा धाकटा भाऊ, रेल्वेत नोकरीला. नाही म्हणाले असते तर शंभर प्रश्न. गेले.

मामाच्या क्वार्टरात शिरले आणि पायच थबकले. सतरंजी घातलेली. मधे ताट, ताटात नारळ, सुपारी आणि कोरी टोपी. मामाचे दोन शेजारी इस्त्रीचे कपडे घालून बसलेले. मामा हसत उठला. "या जावईबापू!" आमच्याकडं मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क. लहानपणापासून सगळे गमतीनं म्हणायचे, मग मी अशी निघाले आणि गंमत बंद झाली. आता आईनं भावाला निरोप धाडला होता, पोरगं सुधारलं, दाढी करतंय, सुपारी फोडून घेऊ. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथं तर नवराच नव्हता आणि बाशिंग तयार!

पाण्याच्या निमित्तानं मी आत गेले. मामाची पोरगी ओट्याला टेकून उभी होती, नवी साडी, डोळे सुजलेले. कॉलेजात होती ती तेव्हा.

"खरं सांग," ती म्हणाली, "बदललास तू?"

"नाही."

"मंग बाहेर जाऊन सांग की! मी न्हाई म्हणले तर पप्पा मला उभी चिरतील. तू सांग."

मी बाहेर आले. मामाच्या हातात टोपी होती, माझ्या डोक्यावर ठेवायला. मी मागं सरले.

"मामा, सुपारी फोडू नका. मी बाई आहे. गोळ्या सुटल्या नाहीत, डॉक्टरांनी थांबवल्यात. पुढच्या आठवड्यात माझं ऑपरेशन आहे."

एक शेजारी चप्पल शोधायला लागला. मला वाटलं मामा मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं, मीही दोन ठेवून दिल्या असत्या, हात शिवशिवतच होते. पण त्यानं ताट उचललं आणि आईपुढं आपटलं. "आक्का, तुजं पोरगं तुला लखलाभ. माज्या दारात पुन्यांदा यायचं न्हाई." नारळ घरंगळत आईच्या पायाशी गेला. मी बोलले आणि शिक्षा तिला. मामावर इतका राग आला की दात करकरायला लागले, आणि आईवरही आला. कुणी सांगितलं होतं तिला नवस बोलायला, निरोप धाडायला, मला न विचारता?

एस्टीत ती खिडकीला डोकं टेकून बसली.

घरी आल्या आल्या, लुगडंसुद्धा न बदलता, ती माझ्या पेटीपाशी बसली. झाकण उघडलं, हात थेट तळाला घातला आणि पँट उलगडली. म्हणजे तिला ठाऊक होतं! पाकिटातली एक गोळी तिनं तळहातावर काढली, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या घेतला आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"घे."

मी हात मागं घेतले.

"घे म्हंते ना! हे त्वांड मला आता बगवत न्हाई. तुजा बाप दिसतोय त्यात. माजं पोरगं दिसतंय. जायाचंच हाय तर लवकर जाऊ दे की त्याला, कशाला ठिवलायस डोळ्यापुढं?"

"नाही घेता येत, आई."

"का? इतकी वर्सं चोरून खाल्ल्यास न्हवं?"

"आता घेतली तर ऑपरेशन करणार नाहीत."

ती तशीच उभी. तांब्यातलं पाणी जमिनीवर सांडत होतं. मी ओरडले, "इतकी वर्षं कुठं होतीस गं? गटारीत फेकत होतीस तेव्हा द्यायचीस की एक!" तिनं मूठ मिटली आणि मोरीकडं निघून गेली.

पुण्याला मी एकटीच गेले. ऑपरेशन झालं. किती दुखलं ते सांगत बसत नाही, पण शुद्धीवर आले तेव्हा त्या महिन्यात पहिल्यांदा माझा राग गप्प झाला होता. चालताफिरता आल्यावर घरी परतले. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू करायला सांगितल्या होत्या. आई भाकऱ्या थापत होती. मी तिच्यापुढं हात पसरला.

"दे. त्या दिवशीची."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"फेकली," म्हणाली. "तवा दिलती, तवा घेतली न्हाईस."

मी माझी पेटी उघडली आणि माझ्या हातानं घेतली. मी तिची गोळी नाकारली, असंच ती आजही धरून बसली आहे. समजावून सांगून माझं तोंड दुखलं, आता सांगत नाही. पण गोळी घेताना अजून कधीकधी तिडीक जाते डोक्यात. साऱ्या आयुष्यात आईनं माझ्यापुढं एकच गोळी धरली, आणि तीसुद्धा नेमकी त्याच मेल्या महिन्यात.