वहिनीचं फुलपात्र

त्या दिवशी नळ आला होता. मनमाडच्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते, आमच्याकडे नळ येतो तो बऱ्याच दिवसांनी आणि न कळवता, आणि तो आला की हातातलं सगळं टाकून पिंपं, कळश्या, बादल्या, पातेली भरत सुटायचं असतं. मी दुसरं पिंप भरत होते तेव्हा नाशिकहून दादाचा फोन आला. ‘मंगल, शालू गेली,’ तो म्हणाला. मग, ‘तू दुपारच्या गाडीने ये. सकाळची आता तुला मिळायची नाही. आम्ही थांबतो.’ मी बरं म्हटलं. फोन ठेवला आणि पिंप भरलं. मग कळश्या भरल्या, कुकर भरला, डबे रिकामे करून तेही भरले. नळ गेला तेव्हा खाली बसले. रडू आलं नाही. इतके आठवडे झाले, अजून आलेलं नाही, आणि त्याची मला आता थोडी भीती वाटायला लागली आहे. लिहून बघावं म्हटलं.

शालूवहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. नाशिकच्या एका शाळेत तिनं जन्मभर गणित शिकवलं आणि घरीही ती गणिताचीच बाई होती. पोळ्या किती हव्यात ते आधी सांगा, ‘बघू’ म्हणायचं नाही. मी लग्नाआधी नोकरीसाठी त्यांच्याकडे दोन वर्षं राहिले, तेव्हा आमचं फार काही गूळपीठ नव्हतं. मी पसारेवाली आणि ती माझ्या पसाऱ्याकडे नुसती बघायची, बोलायची नाही, त्याचाच मला राग यायचा. पुढे मी मनमाडला आले, रेल्वेच्या ऑफिसात लागले, आणि दोन घरांत पाऊण-एक तासाची गाडी आल्यावर आमची मैत्री झाली. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल ती कधी बोलली नाही आणि मी विचारलं नाही. चित्रकलेचं म्हणाल तर आमच्या घरात साधी रांगोळी कुणाला धड येत नाही. वहिनीची त्यातल्या त्यात बरी, कारण ती ठिपके मोजून काढायची.

निवृत्त झाली आणि वर्षाच्या आत तिच्या किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं, एक दिवस आड. त्यासाठी डाव्या हाताची शीर धमनीला जोडून घेतलेली, तिथे बोट ठेवलं की आत मांजर घुरघुरल्यासारखं लागायचं. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला हात पुढे करून ‘बघ, मोटार चालू आहे’ म्हणायची. सुयांचं तिला फारसं काही नव्हतं. चार-चार तास पडून राहण्याचंही नव्हतं. तिला सोसलं नाही ते पाणी. ज्यांनी हा आजार घरात पाहिलाय त्यांना माहीत असेल, लघवी होत नाही म्हणून प्यायलेलं पाणी अंगातच साठतं, पाय सुजतात, छाती भरते. म्हणून पाणी मोजून. सकाळी दादा एका बाटलीत दिवसभराचं पाणी भरून ठेवायचा, चहा त्यातूनच आणि गोळ्या त्यातूनच. नाशिकचा उन्हाळा, आणि ती बाटली टेबलावर. दुपारी ती तिच्याकडे अशी बघायची, की आपण दुसरीकडे बघावं.

दादानं त्या दिवसांत एक सवय लावून घेतली. तो तिच्यासमोर पाणी पीत नसे. तहान लागली की उठून स्वयंपाकघरात जायचा, फ्रिजचं दार उघडायचा आणि त्या दाराआड उभा राहून प्यायचा. जेवतानासुद्धा त्याच्या ताटाशेजारी पाणी नसायचं. आलेल्या पाहुण्यालाही ‘जरा आत या’ म्हणायचा आणि आत नेऊन पाणी द्यायचा. लोकांना ते विचित्र वाटायचं. वहिनीला हे सगळं कळत होतं. ‘घोट घेतला की त्यांच्या गळ्याचा आवाज होतो,’ ती मला म्हणाली, ‘आतून ऐकू येतो. पण तू सांगू नकोस त्यांना.’ मी सांगितलं नाही.

डॉक्टरांनी मन रमवा म्हणून सांगितलं. मन रमवा म्हणजे काय करा, ते डॉक्टर सांगत नाहीत. दादानं मेनरोडवरून जलरंगांची पेटी, कागद आणि ब्रश आणले. वहिनीनं शहाण्या मुलीसारखं सगळं मांडलं, मगात पाणी घेतलं आणि बसली. दोन दिवसांनी मी गेले तर पेटी बांधून ठेवलेली. ‘नाही जमत,’ म्हणाली. दादा बाहेर गेल्यावर खरं सांगितलं. ‘अगं, ब्रश धुतलेलं पाणी. निळंकाळं झालेलं. मंगल, ते मला प्यावंसं वाटलं. तो मग उचलला आणि बेसिनमध्ये ओतून आले.’ हे तिनं अगदी बेरीज सांगावी तसं सांगितलं. मी काहीतरी विनोद केला, आता आठवत नाही.

तेलरंग आले ते असे. ज्यात पाणी लागत नाही ते कुठले रंग, एवढंच तिनं दुकानात विचारलं होतं. दादाचा विरोध होता. टर्पेंटाइनचा वास, त्यातून छातीला त्रास झाला तर... आणि मुख्य म्हणजे ते वाळत नाहीत. एक थर द्यायचा, तो वाळेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. पातळ थर आठवड्यात वाळतो, जाड दिला तर महिनाही लागतो. ‘जलरंग अर्ध्या तासात वाळतात,’ दादा म्हणाला. ‘वाळू देत,’ ती म्हणाली आणि बाल्कनीत खुर्ची टाकली. मग डायलिसिस नसेल त्या दिवशी ती तिथे बसायची, जुना गाऊन घालून, डावा हात मांडीवर सांभाळून ठेवलेला. रंग वाळला की नाही ते ती करंगळीच्या टोकानं बघायची, इस्त्रीचा ताव बघतात तशी, टेकवलं न टेकवलं. करंगळीला रंग लागला तर म्हणायची, ‘आज सुट्टी.’

पहिलं चित्र टोमॅटोचं. मग केळी. मग शहाळं, मग द्राक्षांचा घड. टोमॅटो बरे होते, केळी काही मला केळी वाटली नाहीत, पण मी तसं म्हटलं नाही. चौथ्या चित्राला माझ्या लक्षात आलं, की आहारतज्ज्ञांनी जे जे बंद केलं होतं ते ते ती क्रमानं रंगवत होती. मी तसं म्हटल्यावर हसली. ‘सिलॅबस संपवायला नको?’ म्हणाली. आणि यादीत सगळ्यात वर जे होतं ते तिनं शेवटाला ठेवलं होतं. पाणी.

टेबलावर स्टीलचं फुलपात्र, काठोकाठ भरलेलं. एवढंच चित्र. ते समोर ठेवून बसायचं म्हणजे केवढं कठीण, ते तिलाच माहीत. पण आता तिला प्यावंसं वाटत नव्हतं म्हणे, बघावंसं वाटत होतं. पाणी स्टीलच्या काठाशी किंचित वर चढलेलं असतं, हे मला साठ वर्षांत दिसलं नव्हतं, ते तिनं दाखवलं. आधी भांडं, मग पाण्यातली काळोखी, आणि सगळ्यात शेवटी उजेड. ‘तो पांढरा असतो आणि जाड द्यावा लागतो,’ ती म्हणाली. ‘पण खालचं सगळं वाळल्याशिवाय द्यायचा नाही. नाहीतर गढूळ होतो.’ तेव्हा तिचं वजन उतरायला लागलं होतं. मधूनच डायलिसिस करता करता रक्तदाब पडायचा आणि दुसरा दिवस झोपून जायचा. म्हणजे उजेड द्यायला ती हवी, आणि ती असेतो खालचा थर वाळायला हवा. हे गणित आमच्या तिघांच्याही डोक्यात होतं.

त्यात वैशाख लागला. त्यांच्या सोसायटीच्या गच्चीवर तेव्हा वाळवणं असतात... कुरडया, पापड, सांडगे, आणि एखाद्या कोपऱ्यात लाल मिरच्या. वहिनी डायलिसिसला गेली होती, मी सोबत होते. संध्याकाळी घरी आलो तर बाल्कनीतलं चित्र जागेवर नाही. दादा गच्चीतून खाली आला, दोन्ही हातांत चित्र धरून, चेहरा पडलेला. त्यानं ते शेजारणीच्या कुरडयांशेजारी उन्हात आडवं ठेवलं होतं. धूळ बसू नये, चिमण्यांनी टोचू नये म्हणून कुरडयांवर टाकतात तसं वरून जुनं धोतर पसरलं होतं. वाऱ्यानं धोतर खाली बसलं आणि चिकटलं. उचललं तेव्हा चित्राच्या खालच्या अर्ध्या भागात, जिथे टेबल होतं तिथे, धोतराची वीण जशीच्या तशी उमटलेली.

मला वाटलं, आता ती बोलेल. ती खुर्चीवर बसली, चष्मा लावला, चित्र जवळ घेऊन बघितलं. मग दादाला म्हणाली, ‘अहो, तुम्हाला कसली घाई झाली होती?’ तिनं अगदी साधंच विचारलं होतं. दादा उभाच राहिला. तो वळून आत जाणार, फ्रिजकडेच जाणार, एवढ्यात वहिनी म्हणाली, ‘बसा. टेबलक्लॉथ काढायचा होता मला, जमत नव्हता. तुम्ही आयताच काढून दिलात.’ आणि खरंच तिनं ती वीण पुसली नाही. वरून पांढरा-करडा हात फिरवून टेबलावर कापड पसरलं आहे असं करून टाकलं. सगळ्या चित्रांत तेवढाच भाग खराखुरा दिसतो, हे तिचंच मत.

उजेड तिनं श्रावणात दिला. मी रविवारी गेले होते. हात कापत होता म्हणून मनगट दुसऱ्या हातावर टेकवून, ब्रशनं नाही, सुरीच्या टोकानं, पाण्यावर एक जाड पांढरी रेघ आणि तिच्याशेजारी एक ठिपका. मागे सरकून बघितलं. ‘आता?’ मी विचारलं. ‘आता काही नाही. वाळेल तेव्हा वाळेल,’ म्हणाली आणि हात पुसले. मी निघताना ती दारापर्यंत आली नाही, आतूनच ‘पोचलीस की फोन कर’ म्हणाली. मी पोचले, पण नळ आला होता, त्या गडबडीत फोन उशिरा केला. दादानं उचलला, ती झोपली होती. त्याच आठवड्यात तिला दवाखान्यात ठेवावं लागलं आणि तिथून ती आली नाही.

दहाव्याला आम्ही रामकुंडावर गेलो. मला विधींमधलं काही कळत नाही. मी पायरीवर बसून कबुतरं बघत होते, आणि मला काहीही वाटत नव्हतं, हे लिहायला हरकत नाही. दादा गुरुजींसमोर बसला होता. गुरुजींनी ओंजळीत तीळ आणि पाणी घ्यायला सांगितलं, तिचं नाव घेऊन सोडा म्हणाले. दादानं घेतलं. घेतलं तेवढं बघितलं, आणि बोटं किंचित सैल करून त्यातलं अर्धं आधीच खाली जाऊ दिलं. उरलेलं तिच्या नावानं सोडलं. दुसऱ्या वेळीही तसंच. तिसऱ्या वेळी गुरुजी म्हणाले, ‘काका, ओंजळ भरून द्या.’ दादानं त्यांच्याकडे वर बघितलं आणि विचारलं, ‘चालेल?’

गुरुजी रोज शंभर माणसं बघत असतील. तेही थांबले. मग हळू म्हणाले, ‘चालेल, काका. आता हवं तेवढं द्या.’

दादानं ओंजळ भरली. किती वेळ देत होता ते मला सांगता येणार नाही. गुरुजींनी पुढचा मंत्र म्हटला नाही, ते नुसते बसून राहिले. माझ्या शेजारच्या बाई पदर डोळ्याला लावून रडत होत्या, त्या आमच्या कुणीही नव्हत्या. मी कबुतरं बघत राहिले.

परवा नाशिकला जाऊन आले. चित्र बाल्कनीतून आत आणलंय, जेवणाच्या टेबलाशेजारी स्टुलावर ठेवलंय, भिंतीला टेकवून. दादाला फ्रेम करायची आहे, पण तिनं बजावलेलं आहे, पूर्ण वाळल्याशिवाय करायची नाही म्हणून, आणि पावसाळ्यात काही वाळत नाही. आम्ही जेवायला बसलो. मी माझ्यासाठी फुलपात्र घेतलं, त्याच्यासमोर एक ठेवलं. पिठलं तिखट झालं होतं. दादाला ठसका लागला, तरी त्यानं पाण्याला हात लावला नाही. मी म्हटलं, ‘दादा, इथेच पी ना रे. आता काय...’ त्यानं फुलपात्र उचललं, चित्राकडे बघितलं, परत ठेवलं. ‘पितो,’ म्हणाला. जरा वेळानं उठला, फुलपात्र घेतलं, आत गेला. फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला.

मी उठून चित्राशी गेले आणि त्या पांढऱ्या रेघेवर करंगळी टेकवली, टेकवली न टेकवली. करंगळीला पांढरं लागलं. आतून दादाच्या घोटांचा आवाज येत होता. ती म्हणायची तसा, अगदी स्पष्ट.