पीचच्या टार्टवरचा चुरा

आमची मावशी बेकरीच्या मागच्या खोलीत टार्ट भाजते. माल चोरीला जाईल म्हणून मालक मागच्या दाराला बाहेरून कुलूप ठोकतो. उन्हाळ्यात भट्टीशेजारी जीव नुसता उकडून निघतो.

परवा पीचच्या टार्टवर पसरायचा चुरा काही जमेना. मैदा-साखरेत थंड बटर चोळायचं, तर ते हातातच वितळून लगदा झाला.

मालक खेकसला, "मावशी, हात आहेत की तवे?"

"दार उघडा, साहेब. वारा आला की होईल चुरा."

आम्ही युनियनवाले माणसांसाठी घसा फोडून भांडलो, तेव्हा हा ढिम्म हलला नाही. बटरसाठी मात्र लगेच कुलूप निघालं. ट्रे भट्टीत गेल्यावर पुन्हा लागलं.

आता मावशी चुरा चोळत बसते, चोळतच बसते. झाला तरी झाला म्हणत नाही.