झाकणरावांची कुंडी

झाकणरावांचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं कोणीतरी घ्यायचं. एरवी सगळं ऑफिस त्यांना झाकणराव म्हणायचं आणि ते बिनतक्रार ओ द्यायचे, कारण काम तसंच होतं. सोफ्याच्या दुकानाच्या वर एका छोट्या टीव्ही चॅनेलचं ऑफिस होतं. तिथल्या बिनखिडकीच्या खोलीत, फक्त डावा खांदा गार करणाऱ्या एसीखाली बसून, परदेशी मालिकांमधलं जे जे चारचौघांत दाखवण्यासारखं नाही ते ते झाकायचं. दारूचा ग्लास झाकायचा, चुंबन कापायचं, पदर नसलेल्या देशातल्या बायकांना कसाबसा पदर द्यायचा.

त्याआधी ते बातम्यांच्या विभागात होते. तिथे माणसं कमी केली तेव्हा मालकांनी त्यांना या खोलीत आणून बसवलं. ही बदली मात्र त्यांनी घरी सांगितली नाही. सासरे निवृत्त हेडमास्तर. "आमचे जावई बातम्यांत आहेत," असं ते न्हाव्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांना सांगून बसले होते. सासऱ्यांनी मारलेली बढाई जावयाने कोणत्या तोंडाने परत घ्यायची? तेव्हा घरी ते बातम्यांतच राहिले.

आणि मग ती मालिका आली. मालक प्राण्यांवरचे चांगले माहितीपट विकत घ्यायला गेले होते. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा म्हणतात तशी त्यांच्याबरोबर ही जपानी ॲनिमे मालिका पदरात पडली. एका बिनकामाच्या तरुणाला आत्याकडून नोकरदार बायकांचं वसतिगृह वारशाने मिळतं. तिथे राहणाऱ्या सगळ्याजणी त्याच्या प्रेमात पडतात. का पडतात, हे लिहिणाऱ्यालाही शेवटपर्यंत कळलेलं नसावं. तो रोज चुकीचं दार उघडायचा, साबणावरून घसरायचा आणि पडू नये तिथे पडायचा. मग ज्युडो शिकवणारी भाडेकरू त्याला छपरातून बाहेर फेकायची. दुसऱ्या दिवशी छप्पर धडधाकट आणि हा पुन्हा दाराशी हजर. गोष्ट पुढे सरकायचं नाव घेत नसे. बायका स्वभावाने एकेक चांगल्या होत्या, पण चित्रं काढणाऱ्याची नजर कोणाच्या चेहऱ्यावर टिकेल तर शपथ. जरा बोलायला लागल्या की चित्र खाली घसरायचं. बाईला डोकंही असू शकतं, हे काढणाऱ्यांच्या गावीही नव्हतं.

तरीपण मालिका विनोदी होती, हे कबूल केलं पाहिजे. ती ज्युडोवाली प्रत्येक वेळी फेकण्याआधी त्याची मनापासून माफी मागायची. दातांची डॉक्टर असलेली भाडेकरू त्याला लग्नाचं विचारायची ते नेमकं त्याच्या तोंडात कापूस कोंबलेला असताना. तो "आँ, आँ" करायचा, आणि ती लाजून म्हणायची, "विचार करायला वेळ हवाय का? घ्या." झाकणराव खोलीत एकटे बसून खो खो हसायचे आणि मग कामाला लागायचे.

काम मात्र जमेना. नको तो भाग त्यांनी आधी धुरकट करून पाहिला. मालकांनी एक भाग बघितला आणि कपाळाला हात लावला.

"झाकणराव, हे काय केलंत? नुसतं दिसत होतं तेव्हा माणूस एकदा बघून सोडून देईल. आता धुरकट दिसल्यावर खुर्ची पुढे ओढून बघेल."

"मग काय करू?"

"काहीतरी घरगुती ठेवा. कोणाला संशय येणार नाही असं."

घरगुती म्हटल्यावर झाकणरावांना घरच आठवलं. गॅलरीत बायकोचं रबर प्लांट होतं, रुंद पानांचं, चांगलं कमरेएवढं. त्याचा फोटो काढून त्यांनी कॉम्प्युटरवर तो कापून घेतला. कुंडीवर मुलीने ऑइलपेंटने एक तोंड काढलं होतं. एक डोळा मोठा, एक लहान, आणि हसताना समोरचा एक दात गायब, कारण त्या दिवसांत तिचाही तो दात पडलेला होता. ते तोंड पुसावं असं त्यांच्या मनात आलं होतं. मग म्हणाले, राहू दे, कोण बघतंय.

बघितलं सगळ्यांनी. न्हाणीघरात कुंडी, गच्चीवर कुंडी, समुद्रात पोहणाऱ्या बाईच्या पुढ्यात लाटांवर डोलत कुंडी. एका भागात ज्युडोवालीचा तोल जाऊन ती छपरावरून पडते, तर तिच्याबरोबर हवेतून कुंडीही खाली येते आणि शेवटपर्यंत अंतर सोडत नाही. शाळा सुटल्यावर पोरं धावत घरी यायची ती नायकासाठी नाही, आज कुंडी कुठे उगवणार ते बघायला. आणि शेवटच्या भागात झाकणरावांनी कळस केला. नायक एकदाचा एकीची निवड करतो, पण ती बाई नुकतीच न्हाऊन टॉवेल गुंडाळून उभी. मालकांचा हुकूम आला, "पूर्ण झाका." झाकणरावांनी पूर्ण झाकली. बाई हुंदके देत होती, त्यामुळे आवाजावरूनही पत्ता लागेना. नायक डोळ्यांत पाणी आणून, गुडघ्यावर बसून, एका रबर प्लांटला म्हणाला, "माझं पहिल्यापासून तुझ्यावरच प्रेम होतं."

झाकणरावांच्या मुलीला कुंडी आपल्यासारखी वाटत होतीच, त्या भागात तोंड जवळून दिसलं आणि तिची खात्री पटली. आई त्या मालिकेला "उघडीनागडी" म्हणायची, म्हणून ती शेजारच्या मैत्रिणीकडे जाऊन बघायची. घरी आली ती धापा टाकत.

"बाबा, टीव्हीवर आपली कुंडी आहे! मी काढलेलं तोंड आहे तिच्यावर!"

बायको तिथेच कपड्यांच्या घड्या घालत होती. सासरे त्याच आठवड्यात राहायला आलेले, आरामखुर्चीत बसून पेपर वाचत होते. झाकणरावांनी दोघांकडे पाहिलं आणि म्हणाले, "असल्या कुंड्या बाजारात ढिगाने मिळतात."

"पण दात..."

"बाळा, उगाच काहीतरी बोलू नये."

पण तोवर पोरीने सगळ्या वर्गाला सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीने विचारलं, "काय म्हणाले तुझे बाबा?" आणि तिने खरं ते सांगितलं, की बाबा नाही म्हणाले. झालं. तिला थापाडी हे नाव पडलं आणि ते शाळा संपेपर्यंत सुटलं नाही. मैत्रीण पुढे परत बोलायला लागली, जिवाभावाची झाली, पण हाक तीच राहिली. झाकणराव ती हाक जिन्यातून ऐकायचे. दर वेळी वाटायचं, आज सांगू. मग सासरे गेले, चॅनेल बंद पडलं, मुलगी मोठी झाली, आणि एवढ्या वर्षांनी कुंडीचा विषय काढणं बावळटपणाचं वाटू लागलं. कुंडीवरचं तोंडही पाणी घालून घालून पार धुऊन गेलं होतं.

परवा ती मुलगी, आता स्वतः कॉलेजात शिकवते, घरी येऊन म्हणाली, "बाबा, रविवारी दुपारी मोकळे आहात ना? माझ्या लहानपणची ती जपानी मालिका थिएटरात दाखवणार आहेत. कोणीतरी घरी रेकॉर्ड केलेल्या कॅसेट सापडल्यात. कुंडीवाल्या."

"मला काय त्यातलं कळतंय?"

"तुम्ही कधी बघितली नाहीत म्हणूनच न्यायचंय. आईला विचारलं, ती उघडीनागडी म्हणाली."

झाकणराव गेले. मुलगी मध्ये, एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला ती मैत्रीण. थिएटर पोरंबाळं झालेल्या माणसांनी भरलेलं. सूत्रसंचालन करणारा तरुण आधीच म्हणाला, "मालिका आज बघताना बऱ्याच ठिकाणी लाज वाटेल. वाटू द्या. आणि हसूही येईल, तेही येऊ द्या." तसंच झालं. नायकाने दार उघडलं की लोक कपाळाला हात लावत होते. डॉक्टरणीने कापूस कोंबला की गडगडून हसत होते. आणि पहिल्यांदा कुंडी आली तेव्हा सगळं थिएटर शिट्ट्या मारत उभं राहिलं. झाकणरावांचे कान तापले. आयुष्यात त्यांच्या कामाला टाळ्या पडल्या नव्हत्या, आणि आता पडत होत्या तर मान वर करायची सोय नव्हती. पडद्यावर ते तोंड घराच्या दाराएवढं मोठं दिसत होतं. एक डोळा मोठा, एक लहान, आणि तो दात.

शेवटचा भाग संपला तसं सूत्रसंचालकाने दिवे लावायला लावले. "मूळ भाग आता कोणालाही बघता येतो, पण आम्ही ठरवून बघितलेला नाही. कुंडीमागे कोण? टाळ्यांवर ठरवू."

"ज्युडोवाली!" मागून आवाज आला. "डॉक्टरीण!" पुढून आला. त्या गोंधळात मुलीने हात वर केला आणि शांतपणे म्हणाली, "ती आमची कुंडी आहे. आमच्या गॅलरीतली. तोंड मी काढलंय."

सगळे हसले. मैत्रीण तर खुर्चीत मागे रेलून म्हणाली, "झाली थापाडी सुरू."

आणि मुलगीही हसली. झाकणरावांनी ते हसणं शेजारून पाहिलं. लोकांनी हसायच्या आत आपणच हसून घ्यायचं, हे ती शाळेत कधीतरी शिकली असणार, आणि ते तिला आता सहज येत होतं. हसण्याचा एवढा त्रास त्यांना कधी झाला नव्हता.

ते उभे राहिले. गुडघा कुरकुरला.

"ती कुंडी तिचीच आहे," ते म्हणाले. मग मोठ्याने पुन्हा म्हणाले. "हिची आहे. मी चॅनेलमध्ये झाकायचं काम करायचो. मीच ती तिथे चिकटवली. हिने विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. खोटं मी बोललो, थापाडी ही झाली."

सूत्रसंचालकाने विचारलं, "आपलं नाव?"

"झाकणराव," ते म्हणाले. एवढ्या वर्षांत हे नाव त्यांनी घरच्या माणसांसमोर पहिल्यांदा उच्चारलं.

मग जो गलका झाला तो विचारू नका. कोणी पाठीवर थापा मारल्या, कोणी फोटो काढले. सूत्रसंचालक तर हात जोडून पुढ्यातच आला. "काका, आता तुम्हीच सांगा. कुंडीमागे कोण होती?"

झाकणरावांनी बराच वेळ आठवून पाहिलं.

"खरं सांगू? मला नाही आठवत. कुंडी नीट बसली की नाही, तेवढंच मी बघत होतो."

फुटपाथवर आल्यावर मुलगी म्हणाली, "ते सबंध वर्ष मी शाळेत एकटी बसून डबा खाल्ला, बाबा."

"माहितीये. अर्धा डबा परत यायचा."

"आणि तरी तुम्ही गप्प बसलात?"

"घाबरलो होतो गं. तुझ्या आजोबांना. चुकलं माझं."

तिने डोळे पुसले आणि त्यांच्या सदऱ्याची बाही धरली, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तशी. मैत्रीण दोघांच्या मागे खाली मान घालून उभी होती.

"मग आता मी हिला काय हाक मारू?" मैत्रिणीने विचारलं.

"मला नावाने मार," मुलगी म्हणाली. "थापाडे हे आहेत."

घरी येताना तिने वाटेत स्टेशनरीच्या दुकानातून पांढरा रंग घेतला. गॅलरीत मांडी घालून बसली आणि कुंडीवर पुन्हा तोंड काढायला लागली. एक डोळा मोठा, एक लहान. रबर प्लांट आता झाकणरावांच्या डोक्याच्याही वर गेलं होतं. हातात चहाचे कप घेऊन बायको गॅलरीच्या दारात आली. मुलीने तिला सगळं सांगितलं. चॅनेल, न्हाणीघर, शिट्ट्या, काही म्हणून गाळलं नाही.

बायकोने कप खाली ठेवले.

"अहो," ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही बातम्यांत नव्हतात?"

झाकणराव हळूच एक पाऊल मागे सरकले, मग आणखी एक, आणि रबर प्लांटच्या पानांआड उभे राहिले. मुलीने ब्रश तोंडात धरला, दोन्ही हातांनी कुंडी धरली आणि बाजूला ओढली.