अण्णांचा पेटीतला आवाज

बंगळुरात चिकपेटला आमच्या गल्लीत वळलं की दुकान दिसायच्या आधी अण्णा ऐकू यायचे. अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. साड्यांच्या दुकानात गादीवर बसून कन्नड, मराठी, तेलुगू, तोंडाला येईल त्या भाषेत गिऱ्हाइकाला हाक मारायचे, आणि घरी आले तरी तोच आवाज. "अण्णा, स्वल्प हळू, मी समोरच बसलेय," असं मी किती वेळा म्हटलं असेल! नव्वदचं दशक संपता संपता त्यांच्या घशात कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. जीव वाचला. घर मात्र असं चिडीचूप झालं की कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकायचे.

अबोला त्याच्या आधीच घरात शिरला होता. त्यांची एकुलती एक लेक पुण्याला नोकरीला गेली आणि तिथेच रजिस्टर लग्न करून मोकळी झाली. ते अण्णांना कळलं कुणाकडून? दुकानात, चार माणसांत, एका गिऱ्हाइकाकडून. लग्नापेक्षा तेच त्यांना जास्त झोंबलं असं मला अजून वाटतं. पोरगी समजूत काढायला आली तेव्हा मी ऑफिसात होते. घरी आले तोवर ती बॅग उचलून निघून गेली होती. काय बोलणं झालं ते वहिनींनी मला कधी सांगितलं नाही, आणि अण्णांना विचारायची कुणाची छाती होती?

आमची घरं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातली, त्यामुळे सणवार अर्धे इकडचेच. गौरीला लेकीला बागिन द्यायचं, सुपात बांगड्या, कुंकू, डाळ-तांदूळ, गूळ घालून. पण त्यासाठी वडिलांनी स्वतः बोलवायला हवं, निरोप चालत नाही. पोरगी आईला फोन करायची. पहिल्या गौरीला तिने स्पष्ट सांगितलं, "आई, अण्णांनी स्वतः बोलवलं तर येईन. तुझं बोलावणं नको." काय चुकलं तिचं? पण अण्णांचं नाक! ती गौर तशीच गेली. दुसऱ्या गौरीपर्यंत ते नक्की विरघळले असते, पण तोवर घसाच गेला.

ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर अण्णांनी पाटी मागवली आणि पहिलं काय लिहावं माणसानं? "पोरीला कळवायचं नाही." वहिनी रडल्या, मी हॉस्पिटलात आवाज चढवून भांडले. त्यांनी पाटी पुसून लिहिलं, "तिची दया नको." अडेलतट्टू माणूस! शेवटी दोघींनी कबूल केलं. मग श्रावण लागला तसे एका सकाळी माझ्यासमोर पाटी घेऊन उभे. "गौरीला बोलवायचं. मीच. फोनवर." वाचून मला हसू आलं आणि पाठोपाठ डोळे भरले.

मी तेव्हा कोरमंगलाला एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. तिथे एका बंद पडलेल्या कामातली पेटी कपाटात धूळ खात होती. कॉम्प्युटरला वायरने जोडायची, अक्षरं पाठवायची, की ती मोठ्याने बोलून दाखवायची. साहेबांकडून मागून घरी आणली. पण तिचा प्रोग्राम जुना, फक्त डॉसवर चालणारा. आणि घरच्या कॉम्प्युटरवर मी लिनक्स ही वेगळीच सिस्टीम टाकलेली, कारण ऑफिसचं काम त्यावर. दर वेळी सगळं बंद करून डॉस चालू करणं अण्णांना जमेना. मग ऑफिसातल्या एकाने नवीनच आलेलं सॉफ्टवेअर दाखवलं. त्यात एका खिडकीच्या आत आणखी एक अख्खा कॉम्प्युटर चालायचा, व्हर्च्युअल मशीन. आतल्या कॉम्प्युटरला वाटायचं आपण खरेच आहोत. त्यात डॉस टाकलं, प्रोग्राम चालू झाला, आणि पेटी ढिम्म.

कॉम्प्युटरच्या मागे अशा वायरी जोडायच्या जागा, सिरियल पोर्ट, दोनच. एकाला माउस, दुसऱ्याला मॉडेम. मॉडेमची वायर काढून पेटीची लावली, तरी बाहेरचा कॉम्प्युटर तो पोर्ट सोडीना. स्वतः वापरायचा नाही, आतल्याला द्यायचा नाही. त्याची मूठ सोडवली तर वायर चुकीची निघाली, एस. पी. रोडच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात जाऊन दुसरी आणली. मग पेटी बोलायला लागली, पण वाक्याचं शेपूट खायची. पेटी भरली की ती "थांब" अशी खूण करायची आणि आतल्या मशीनपर्यंत ती पोचायचीच नाही, ते आपलं ओततच राहायचं. मी वैतागून अण्णांवरच ओरडायचे, "सावकाश टाइप करा हो!" ते शांतपणे पाटीवर कन्नडमधलं "बरं" लिहायचे, "सरी." शेवटी वेग अगदी कमी केला, खुणेच्या तारा नीट जोडल्या, आणि गौरीच्या आधीच्या रविवारी पेटी अख्खं वाक्य बोलली.

आवाज म्हणाल तर अमेरिकन. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं आणि त्यानं ते चघळत म्हणायचं. वहिनी पोळ्या लाटता लाटता बाहेर आल्या. "अगंबाई, हा कोण गोरा साहेब घरात घुसला?" अण्णा खांदे हलवून हसले. मग दोन बोटांनी टाइप केलं आणि साहेबानं वहिनींना चहा मागितला. वहिनी तोंडाला पदर लावून हसत आत गेल्या. इतक्या महिन्यांनी त्या घरात कुणी हसलं होतं, त्या आनंदात मी पेढे आणायला धावले. कसली घाई झाली होती मला!

जेवणं झाल्यावर पुण्याला फोन लावला. रिसीव्हर पेटीच्या स्पीकरजवळ धरायचं काम माझं. तिकडून "हॅलो" आलं. अण्णांनी आधीच लिहून ठेवलेलं वाक्य सोडलं. पेटी म्हणाली, "बाळ, मी अण्णा. गौरीला घरी ये." एक अक्षर गळलं नाही. मी मनात टाळ्या वाजवल्या.

"कोण बोलतंय?" पोरगी म्हणाली.

अण्णा घाईघाईने कळा शोधायला लागले. तिकडे नुसतं "हॅलो, हॅलो" चाललेलं. शेवटी पेटी म्हणाली, "अण्णा."

"ही काय थट्टा आहे?" तिचा आवाज चिरकला. "लेकीशी बोलायला मशीन लावलंय? इतका कमीपणा वाटतो त्यांना, दोन शब्द स्वतः बोलायचा?" आणि तिने फोन आपटला.

तिला काय माहीत! आम्ही कुणी कळू दिलं होतं? इतके दिवस माझं सगळं डोकं आतला कॉम्प्युटर, बाहेरचा कॉम्प्युटर, ह्याचा पोर्ट, त्याची तार यात. फोनच्या पलीकडे जे माणूस आहे त्याला काय ऐकू येईल, हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही. मी परत फोन लावायला गेले तर अण्णांनी फोनवर हात ठेवला आणि मान हलवली. नको.

तेव्हा वहिनी उठल्या. उभ्या जन्मात ज्यांनी नवऱ्याचा शब्द मोडला नाही त्यांनी त्यांचा हात बाजूला केला, स्वतः नंबर फिरवला आणि सांगून टाकलं, "ह्यांचा घसा काढलाय गं. आवाज गेला. ते मशीन नव्हे, तेच बोलत होते." पलीकडून पोरीचं रडणं मला लांब उभी असूनही ऐकू आलं. अण्णा भिंतीकडे तोंड करून बसले.

ती आली. गौरीला, नवऱ्याला घेऊन. अण्णांनी पेटीपाशी बसून जावयाशी क्रिकेट काढलं, पेटीकडून शुभेच्छा म्हणवल्या, बागिन देताना "सुखी रहा" म्हणवलं. पोरगी वाकून नमस्कार करत होती, हसत होती. सगळं कसं छान झालं म्हणून मी खूश होते.

संध्याकाळी ती माझ्या खोलीत आली आणि माझ्या कॅसेटच्या खोक्यापाशी बसली. "आत्या, अण्णांचा आवाज कुठे टेप केलेला आहे का गं?"

"कशाला?"

"पेटी छान बोलते गं. पण डोळे मिटून त्यांचा आवाज आठवायला गेलं ना, की मला एकच ऐकू येतं. मी शेवटचं तेच ऐकलं. 'आजपासून तू मला मेलीस.' दुसरं काहीच येत नाही. काहीही चालेल. दुकानातलं भाव सांगणं चालेल."

आम्ही दोघींनी मिळून खोकं पालथं केलं. गाणी होती, माझे इंग्रजीचे धडे होते, शेजारच्या मुंजीतली सनई होती. अण्णा एकातही नव्हते. चोवीस तास मोठ्याने बोलणारा माणूस घरात, त्याला टेप करून ठेवावं असं कुणाला सुचणार?

"अण्णांना सांगू नकोस हं," ती म्हणाली आणि कॅसेट परत भरायला लागली.