गाडीवरून उतरवलेला पलंग

कैरोच्या उत्तरेला, समुद्राकाठच्या आमच्या दमियातमध्ये लग्नं किती टिकतात ते काझीच्या आधी आम्हा सुतारांना कळतं. सगळ्या मुलखातल्या नवरीमुलींचे पलंग, कपाटं, दिवाणखान्याच्या खुर्च्या आमच्याच गल्ल्यांत बनतात. मी हातानं कोरलेला बेडरूमचा सेट चारेक वर्षांनी जुन्या बाजारात परत आलेला मी पाहिलाय. आरशावर अजून लग्नातली चिकटपट्टी तशीच. तेव्हा घटस्फोट म्हटलं की लोक कायदा बोलतात, मला आधी ते लाकूड दिसतं.

पण गोष्ट माझ्या लाकडाची नाही, माझ्या थोरल्या बहिणीची आहे. इन्शिराह तिचं नाव. तिशीच्या आत विधवा झाली, तेव्हा पदरात एकच मुलगी, नेस्मा. दुसरं लग्न कर म्हणून आम्ही भावांनी डोकं खाल्लं. ती म्हणाली, "तुम्ही लाकूड ठोका, मी गाद्या शिवते. लग्नाचं नंतर बघू." ते नंतर कधी आलंच नाही. जमिनीवर बसून सोफ्यांच्या गाद्या शिवता शिवता तिचे गुडघे गेले, पण आमच्या कारखान्यातून निघालेल्या सोफ्याची शिवण उसवली अशी तक्रार आजवर एकही आली नाही. मी महरूस, गल्लीतला सगळ्यात तोंडाळ कोरक्या. ही एक बाई सोडली तर मी कुणाचं ऐकून घेत नाही.

नेस्माचं वाएलशी जमलं नाही. वाएल मारायचा नाही, खोटं कशाला बोलू. पण घरात आला की भांडं वाजलं तरी ओरडायचा, आणि पैशाला इतका चिकट की मिठाचासुद्धा हिशेब मागायचा. शेवटी नेस्मानं कोर्टातून खुला घेतला, म्हणजे मेहेर परत केला, स्वतःचे सगळे हक्क सोडले आणि मोकळी झाली. पोरगी जुमाना तेव्हा चार वर्षांची. वाएलला वाटलं, पोरीच्या पोटगीतूनही सुटलो. नेस्मालाही तसंच वाटत होतं. रडत रडत ती आईला म्हणाली, "मीच सगळं सोडलंय ना, आता कुठल्या तोंडानं मागू?"

ताई म्हणाली, "तुझं होतं ते तू सोडलंस. पोरीचं सोडायला ते तुझं होतं का? वकिलाला विचार जा."

विचारलं. ताईचं बरोबर निघालं. पोटगी सुरू झाली.

मग बापाच्या भेटीचा प्रश्न आला. आमच्याकडची रीत अशी की शुक्रवारी पोरीला युवक केंद्रात न्यायचं, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवायचं आणि तीन तास बापानं तिच्याकडे बघत बसायचं, शेजारी कारकून. ताई एकदा गेली, बघितलं आणि परत आली. पुढच्या शुक्रवारी तिनं वाएललाच घरी जेवायला बोलावलं. त्याची आई, हज्जा फिक्रिया, तिलाही. कांदा भरलेलं बदक केलं. गल्ली हसली. म्हणे, मुलीला ज्याच्यापासून सोडवलं त्यालाच बदक चारते. मीसुद्धा चिडलो, "ताई, तुला लाज कशी वाटत नाही?"

"तो पोरीचा बाप आहे, महरूस. चोर नाही की पोलिसाच्या देखत भेटावं. जेव, नाहीतर ऊठ."

मी जेवलो. बदक उत्तम झालं होतं.

तीन वर्षं असं चाललं. मग सामेह आला. बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा, शांत माणूस, बोलायला लागला की कान लालेलाल. नेस्माला तो आवडला आणि त्याला नेस्मा. आणि तिथंच गाठ बसली. आमच्या कायद्यात आईनं दुसरं लग्न केलं की पोर तिच्या ताब्यातून जाते. त्यामुळे बायका काय करतात, ते सगळ्यांना माहीत आहे. कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्या घेतात, नोंद करत नाहीत आणि नवरा असून नसल्यासारखं राहतात. शेजारीण आली, मावशी आली, सगळ्यांनी एकच सांगितलं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

ताईनं सगळ्यांना चहा दिला आणि म्हणाली, "माझी मुलगी चोरून लग्न करणार नाही. उद्या पोट दिसायला लागलं की काय सांगेल, वाऱ्यानं झालं? कर नाही त्याला डर कशाला."

"अगं, पण जुमाना जाईल." मावशी.

"जाईल कुठे? आईनंतर आईच्या आईचा हक्क. म्हणजे माझा. पोर एका घरातून दुसऱ्या घरात जाईल. समोरच घर घ्या, मधे फक्त गल्ली राहील."

अट एकच होती. पोर परक्या पुरुषाच्या छपराखाली राहता कामा नये. सामेहनं आमच्या समोरच्याच इमारतीत घर घेतलं. नेस्मानं रोज यायचं, पोरीला शाळेत सोडायचं, भरवायचं, अभ्यास घ्यायचा. पण पोर झोपणार आजीच्या घरात. नेस्मा खूप रडली. पोटची पोर रात्री समोर सोडून जायची म्हणजे काय ते आईलाच माहीत. ताईनं तिचे डोळे पुसले नाहीत. "खिडकी उघडी ठेव," एवढंच म्हणाली, "दिवा दिसेल."

आता सामानाची मिरवणूक. नवरीचं सामान उघड्या गाड्यांवर, ढोलताशात, भोंगे वाजवत सगळ्या गावातून न्यायचं ही आमची पद्धत. दुसरेपणाच्या नवरीचं मात्र गुपचूप, अंधार पडल्यावर हलवतात. ताईनं भर दुपारची वेळ ठरवली. घर समोरच असताना आख्खं गाव फिरवून आणायचं म्हणाली. ढोलवाले मोठे बोलावले, बिदागी जास्त दिली. मी तर नुसता फुललो होतो, कारण सगळ्या फर्निचरवर माझी पटाशी चाललेली. आणि सगळ्यात वर मी ठेवला होता जुमानासाठी केलेला छोटा पलंग. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचा, उशाशी शिडाची होडी, पायथ्याशी लाटा. दोन महिने त्याच्यावर घालवले होते. म्हटलं, गावाला दिसू दे महरूस काय चीज आहे ते.

ताई काठी टेकत आली, गाडीकडे बघितलं. "तो खाली उतरव."

"का?"

"पोर माझ्याकडे झोपणार आहे. पलंग तिकडे कशाला जाईल?"

"अगं, मिरवून आणतो आणि मग तुझ्या घरात ठेवतो. समोरच तर आहे."

"गावानं बघितला की गाव म्हणेल पोर गेली. उतरव, महरूस."

ढोलवाल्यांसमोर, पोरासोरांसमोर मला माझा पलंग उतरवावा लागला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या मिरवणुकीत मी गाडीच्या मागे चाललो, पण तोंड असं की कुणीतरी विचारलं, मयताला चाललायस का. वाटेत हज्जा फिक्रियाची बाल्कनी आली. बाई कठड्यावर कोपरं टेकून उभी. गाड्या मुद्दाम सावकाश नेल्या, आणि तिनं पडद्याच्या झालरीपर्यंत सगळं डोळ्यांनी चाचपलं. आमच्याकडच्या बायकांचं ते आवडतं कामच आहे.

महिन्याभरात कोर्टाचा कागद आला. वाएलनं स्वतःच्या आईच्या नावानं दावा लावला होता. इन्शिराह नालायक ठरली तर पुढचा हक्क बापाच्या आईचा. त्या दिवसापासून शुक्रवारचं जेवण बंद झालं. पण ताई दर शुक्रवारी बदक करायचीच आणि आम्ही गिळायचो. बाकी दिवस ती जुमानाकडे बघत बसायची. पोर कुठे जाईल, एवढा एकच प्रश्न घरात होता.

तारखेला कोर्टात वाएलच्या वकिलानं आधी गुडघे काढले. बाईंचं वय झालं, चालता येत नाही, लहान मूल कसं सांभाळणार.

न्यायाधीशांनी ताईला विचारलं. ती म्हणाली, "गुडघे गेलेत, साहेब. पोरगी धावते, मी बसून हाक मारते. हाक अजून शाबूत आहे." शेजारी बसलेल्या समाजसेविका बाई हसल्या.

मग वकिलानं खरं हत्यार काढलं. म्हणाला, ही कस्टडी नुसती नावाची आहे. पोर आईबरोबर सावत्र बापाच्या घरात राहते. आमच्या हज्जांनी सगळं सामान जाताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

"काय काय पाहिलंत?" न्यायाधीशांनी हज्जा फिक्रियाला विचारलं.

बाई उभी राहिली आणि खुलली. "तीन दारांचं कपाट, साहेब. आरशाचं टेबल. फ्रिज, नवा दिसत होता पण दाराला पोचा होता. पडदे स्वस्तातले. बारा पेल्यांचा सेट, त्यातला एक वेगळ्याच रंगाचा. दिवाण चांगला होता, महरूसनं केलेला." मी मान ताठ केली.

"आणि मुलीचं काय होतं? पलंग, कपडे, खेळणी?"

बाईनं मुलाकडे बघितलं. वाएल पुढच्या बाकावरून तिच्याकडे बघत होता. तिच्या हातातली जपमाळ थांबली. आता एका शब्दावर सगळं होतं आणि तो शब्द दुसऱ्याच्या आईच्या तोंडात होता.

"नव्हतं," ती म्हणाली.

"काहीच नाही?"

"मी शोधत होते, साहेब. म्हटलं, पोरीचा पलंग कुठेय. एकाही गाडीवर नव्हता." मग मुलाकडे न बघता म्हणाली, "मी हजला जाऊन आलेय. आणि तीन वर्षं त्या बाईच्या हातचं जेवलेय. पोर तिच्याकडेच आहे."

वाएल उठून बाहेर निघून गेला. वकील कागद चाळत बसला. पोर आजीकडेच राहील, असा निकाल पुढच्या तारखेला लागला, पण आमचा त्या दिवशीच लागला होता.

बाहेर बाकावर हज्जा फिक्रिया एकटीच बसली होती. ताई काठी टेकत तिच्याजवळ गेली, कण्हत खाली बसली आणि म्हणाली, "शुक्रवारी बदक करतेय. वाएललाही आण."

"तो येईलसं वाटत नाही गं."

"आज नाही, पुढं येईल. तू ये. पोरीची तूही आजीच आहेस."

ती आली. जेवण झाल्यावर मला म्हणाली, "महरूस, तो पलंग दाखव बघू. बाल्कनीतून दिसला नाही मला." मी तिला आत नेलं. जुमाना आडवी झोपली होती, एक पाय कठड्याबाहेर. बाईनं शिडाच्या होडीवरून हात फिरवला, लाटांवरून फिरवला. मागे दारात ताई उभी होती.

माझं काम कुठं कुठं गेलंय, कैरोच्या बंगल्यांत आहे, आखातातल्या हॉटेलांत आहे. गिऱ्हाईक विचारतात, महरूस, तुमचं सगळ्यात चांगलं काम कुठं बघायला मिळेल? मी बहिणीच्या घराकडे बोट दाखवतो आणि सांगतो, तिथून ते हललेलं नाही.