कुणाच्या रानातली?

ताटात भाजी पडली की आबा पहिला घास घ्यायच्या आधी विचारायचे, "कुणाच्या रानातली?" आबा म्हणजे माझे वडील. माणदेशातल्या आमच्या गावात या प्रश्नाला उत्तर असायचं. वांगी कुणाच्या मळ्यातली, शेंगा कुणाच्या बांधावरच्या, हे ठाऊक असल्याशिवाय तिथे घास उतरत नाही. इथे कारखान्यांच्या बोईसरमध्ये माझ्याकडे एकच उत्तर होतं, "बाजारातली." मग आबा दोन घास खायचे, ताटातच हात धुवायचे आणि उठायचे.

आई गेल्यावर, दिवाळीनंतर, मी त्यांना इकडे आणलं. भाऊ-वहिनी करत नव्हते असं नाही, पण आई नसलेल्या त्या घरात त्यांचं मन लागेना. माझ्याकडे तरी कुठे लागलं? संक्रांतीपर्यंत गालाची हाडं वर आली. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, "आजार काही नाही, त्यांना खायला घाला." जशी काही मी उपाशीच ठेवत होते.

मी एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. कारखान्यातून बाहेर जाणारं पाणी तपासायचं, हे माझं काम. अकरा वर्षं झाली. पहिली पाळी असली की साडेसहाला कंपनीची बस आणि दुपारी साडेतीनला घर. नवरा दुसऱ्या कारखान्यात, त्याच्या पाळ्या वेगळ्या. आम्ही दोघं एका वेळी जेवायला बसलो तर तो सण. अशा घरात भाजी म्हणजे काय, तर येता येता उचलायची, फ्रिजमध्ये टाकायची आणि तिसऱ्या दिवशी आठवली तर चिरायची. आबांनी एकदा फ्रिज उघडून माझी मेथीची जुडी बाहेर काढली, उलटीसुलटी केली आणि गंभीरपणे विचारलं, "ही आजारी हाय का?" मला हसू आलं नाही. मी त्या दिवशी सलग दोन पाळ्या करून आले होते.

किनाऱ्यावरच्या मुरबे गावची एक मासेवाली आमच्या दारावर यायची. तिला आबांची अडचण सांगितली, तर तिने ओला बोंबीलच त्यांच्या हातावर ठेवला. "घे बाबा, आताच बोटीतून उतरलाय, अजून बरफ पन लागला नाय." तो मऊसूत मासा आबांच्या बोटांतून दोन्हीकडे लोंबायला लागला. आबा म्हणाले, "ह्येला हाडं हायती का न्हाईत?" बाई इतकी हसली की दोन बोंबील वर टाकून गेली. कुरकुरीत तळलेला बोंबील आबांनी अर्धा खाल्ला. मासेवाली ओळखीची झाली होती, म्हणून तेवढा तरी.

जानेवारीतल्या एका सुट्टीला मी त्यांना केळव्याला नेलं. खरं सांगायचं तर मला झोपायचं होतं. दोन रिक्षा बदलून आम्ही पोचलो. मुंबईहून आलेली माणसं समुद्राकडे धावत होती. आबांनी समुद्राकडे एकदा बघितलं, "लई पानी हाय, पर कामाचं न्हाई," असा निकाल दिला आणि पाठ फिरवून भाजीपाल्याच्या वाड्यांमधल्या गल्लीत शिरले. एका वाडीत एक बाई वालाच्या शेंगा तोडत होती. आबा कुंपणाशी उभे राहून तिच्या हातांकडे बघत राहिले.

"या ना आजोबा, आत या," ती म्हणाली. "आमचीच वाडी हाय."

आबा आत गेले ते आपल्याच रानात शिरल्यासारखे. वाफ्यातला मुळा उपटला, पाटाच्या पाण्यात धुतला आणि उभ्याउभ्या कडाकडा खाल्ला. नंतर त्या बाईने मडक्यात वाफवलेल्या वालाच्या शेंगा, रताळी आणि कंद केळीच्या पानावर वाढले. त्यांत ओलं खोबरं, हिरवी मिरची, लसणीची पात. वाफेबरोबर असा वास आला की मीही पान पुढे ओढलं. शेंग दातांत धरून ओढायची, दाणे जिभेवर घ्यायचे आणि साल टाकून द्यायचं. आबांनी तीनदा मागून घेतलं. मी दोनदा घेतलं आणि सुपारीच्या झाडाला टेकून तिथेच झोपी गेले. जाग आली तेव्हा आबा त्या बाईला, वालाला पाणी कधी तोडायचं, ते शिकवत होते आणि ती बिचारी निमूट ऐकून घेत होती. परत येताना ते माण सोडल्यापासून पहिल्यांदाच आईबद्दल बोलले.

एवढं सोपं औषध होतं. पण मला ते दर आठवड्याला देता आलं नाही. पुढे दोनदा कबूल केलं आणि दोन्ही वेळा झोपून राहिले. आबा अंघोळ करून, टोपी घालून खुर्चीत बसलेले असायचे. अकरा वाजले की टोपी काढून खुंटीला लावायचे. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पाऊस सुरू होऊन महिना झाला, तेव्हा एकाएकी आबा खायला लागले. माझी दुसरी पाळी होती, त्यामुळे मी घरी पोचायच्या आत त्यांचं जेवण उरकलेलं असायचं. कढईत उरलेली हिरवी भाजी तेवढी दिसायची. शेजारच्या वहिनी येऊन करून देत असतील, असं मी धरून चालले. विचारायलाही अंगात त्राण लागतं. दहा-बारा दिवसांत त्यांचा चेहरा भरला आणि मी मनातल्या मनात सुटले.

मग पाळी बदलली. पहिल्याच दिवशी साडेतीनला घरात शिरले, तर लसणाच्या फोडणीचा वास. आबा ओट्यापाशी उभे. आई असताना त्यांनी कधी चहासुद्धा केला नव्हता. "हातपाय धू आन् बस," म्हणाले. तांदुळजाची भाजी आणि जाड, कडेला फाटलेली भाकरी. कोवळी पानं, कोवळे देठ, ठेचलेली मिरची, बाकी काही नाही. पहिल्या घासालाच मला आमच्या बांधावर बसल्यासारखं वाटलं. किती दिवसांनी मला कुणीतरी वाढत होतं. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. पोट भरल्यावर त्यांचीच चेष्टा करावी म्हणून विचारलं, "कुणाच्या रानातली हो?"

"कुनाच्याच न्हाई," आबा खुशीत म्हणाले. "तुझी बस वळती न्हवं का, त्या वढ्याच्या काठाला. गुडघ्याएवढा माजलाय. चार बाया सोडल्या तर कुनी तोडीत न्हाई."

माणातल्या माणसाला वाहतं पाणी दिसलं की तो ओढाच. तांदुळजा कुठलाही असो, ओढ्याकाठचा सगळ्यात कोवळा, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. पण ती बस वळते तिथे ओढा नाही, नाला आहे. कारखान्यांच्या पाठीमागून येतो. कुणाचं पाणी त्यात येतं ते कुणी सांगत नाही, विचारतही नाही. दोन वर्षांपूर्वी मी एकदा, कुणी सांगितलेलं नसताना, त्या पाण्याची एक बाटली भरून आणली होती आणि तपासली होती. आकडे बघितले. मग बाटली मोरीत ओतली आणि विसळून जागेवर ठेवली.

गप्प बसावं, असं मला वाटलं. खरंच वाटलं. माणूस किती दिवसांनी जेवत होता. पण ते पुन्हा कढईकडे वळले, तेव्हा मी त्यांचा हात धरला.

"आबा, ही खायची नाही. ते पाणी चांगलं नाही."

"तुला कसं म्हाईत?"

"मी तपासलंय."

"कवा?"

"दोन वर्षं झाली."

आबांनी कढईवर झाकण ठेवलं. मला वाटलं, आता यांचं जेवण पुन्हा तुटलं. ते म्हणाले, "मग त्या बायास्नी का न्हाई सांगितलंस?"

"तिथे कोण तोडतं ते मला काय माहीत?" मी म्हणाले. हे खोटं होतं. बस रोज तिथूनच वळते आणि मी खिडकीशी बसते.

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा आबा घरात नव्हते. साडेसहाची बस नेहमीसारखी नाल्यापाशी वळताना हळू झाली. टोपी भिजलेली, धोतर खोचलेलं, असे ते काठावर उभे होते. समोर तीन-चार बाया, हातात पिशव्या. बहुतेक भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या परप्रांतीय कामगारांच्या घरच्या. आबा दोन्ही हात पसरून त्यांना अडवत होते आणि आपल्या माणदेशी बोलीत मोठमोठ्याने सांगत होते. त्यातली एकजण वैतागून ओरडत होती, "अरे बाबा, हटो ना!" त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. आबा बाजूला होत नव्हते.

बसमध्ये सगळे काचांना नाक लावून हसायला लागले. माझ्या शेजारी बसणारी, जिच्याबरोबर मी अकरा वर्षं डबा खाते, ती म्हणाली, "कोण गं हा म्हातारा? सगळी भाजी एकट्यालाच पाहिजे वाटतं."

माझे वडील, एवढं म्हणणं काही कठीण नव्हतं. पण मग ते तिथे का उभे आहेत तेही सांगावं लागलं असतं.

"माहीत नाही," मी म्हणाले.